परत येणार ना?

लग्नाला एकेचाळीस वर्षे झाल्यावर आम्ही दोघांनी आमच्या लग्नाची नोंदणी केली. गोष्ट २०१८ सालच्या डिसेंबरातली. झोन कार्यालयातल्या तरुण कारकुनाने एकदा अर्जाकडे आणि एकदा आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘काका, इतके दिवस काय केलं जी?’’

त्याचे खरेच होते. १९७७ च्या मे महिन्यात आर्वीला, सौभाग्यवतींच्या माहेरी, दारात मांडव घालून लग्न लागले. गावजेवण झाले, वरात निघाली, आणि सरकारदरबारी जाऊन ‘आमचे लग्न झाले हो’ असे सांगायचे असते हे कोणाच्या गावीही नव्हते. आता लग्न लावणाऱ्या भटजींना देवाघरी जाऊन वीस वर्षे झालेली. लग्नपत्रिका ट्रंकेच्या तळाशी, पैठणीच्या घडीत सापडली. साक्षीदार म्हणून फोटोतली जी तीन माणसे हयात होती, त्यांतल्या एका मामांना चष्मा लावूनही स्वतःचा तरुण चेहरा ओळखता येईना.

हा खटाटोप एका फोनमुळे सुरू झाला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. मे महिन्यात तिला बाळ होणार होते. बाकी काही न बोलता तिने एवढेच विचारले, ‘‘आई, तू येशील ना?’’

‘येशील ना’ या दोन शब्दांचे उत्तर आईने अर्ध्या सेकंदात दिले. पण ते उत्तर प्रत्यक्षात यायला साडेसहा महिने लागले. त्या साडेसहा महिन्यांत आणि त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडतो आहे. नागपूरच्या प्रत्येक वस्तीत, लक्ष्मीनगरपासून इंदोऱ्यापर्यंत, आता परदेशी गेलेले एखादे तरी मूल आहे आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आईबाप आहेत. त्यांना हे उपयोगी पडेल.

दारे तीन, किल्ल्या तीन

पहिली गोष्ट म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेश या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो.

पासपोर्ट आपले सरकार देते. ‘हा आमचा माणूस, याला सांभाळून घ्या’ असे ते दुसऱ्या देशाला लिहिलेले पत्र. व्हिसा दुसरा देश देतो. पण तेही घरात शिरण्याचे आमंत्रण नव्हे. ‘आमच्या दारापर्यंत या’ एवढीच ती परवानगी. तिसरे दार तिथल्या विमानतळावर असते. तिथल्या खिडकीत बसलेला अधिकारी आपल्याला आत घ्यायचे की नाही आणि घेतले तर किती दिवसांसाठी, हे ठरवतो. व्हिसा असूनही त्या खिडकीवरून माघारी पाठवलेली माणसे आहेत.

अमेरिकेच्या बाबतीत ही गल्लत फार होते. आपल्या लोकांना तिथला पाहुण्यांचा व्हिसा बहुधा दहा वर्षांसाठी मिळतो. सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर एखादे निवृत्त साहेब ऐटीत सांगतात, ‘‘आपल्याला दहा वर्षं चिंता नाही.’’ पण त्याचा अर्थ दहा वर्षे तिथे राहता येते असा नाही. दहा वर्षांत कितीदाही दारापर्यंत जाता येते, एवढाच. प्रत्येक वेळी किती राहायचे, ते दारावरचा अधिकारी सांगतो. साधारणपणे तो सहा महिने देतो. पूर्वी त्यासाठी पासपोर्टात पांढरे कार्ड टोचत. २०१३ पासून विमानाने जाणाऱ्यांची ही नोंद संगणकावर होते. म्हणून उतरल्यावर आपली तारीख मुलाकडून संगणकावर तपासून घ्यावी आणि कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावी. ती तारीख ओलांडली तर दहा वर्षांच्या व्हिसाची ऐट एका दिवसात संपते.

पूर्वी हे नव्हते

आपल्याला वाटते, ही दारे अनादिकाळापासून आहेत. तसे नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसून वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. त्यांच्या वाटेत समाज आडवा आला, धर्म आडवा आला, पैसा आडवा आला. पण व्हिसा आडवा आला नाही. कारण तेव्हा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरायला व्हिसा लागतच नसे. आज त्यांच्या जागी एखादी अठरा वर्षांची मुलगी निघाली, तर समाज तिला हार घालील आणि वकिलात तिला बँकेचे पुस्तक मागील.

पहिल्या महायुद्धाने हे सारे बदलले. हेरांच्या भीतीने प्रत्येक देशाने दारावर कडी लावली आणि युद्ध संपल्यावर ती काढायची राहून गेली. १९२० मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्टाची वही सगळीकडे सारखी, बत्तीस पानांची असावी असे ठरले. त्याआधीच, १९१७ च्या कायद्याने, अमेरिकेने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना स्थायिक व्हायला बंदी केली होती. १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांची सोय झाली आणि १९६५ च्या कायद्यानंतर दार खऱ्या अर्थाने उघडले. इंग्लंडचे नेमके उलट. तिथे राष्ट्रकुलातला माणूस म्हणून आपल्याला सहज जाता येई. १९६२ च्या कायद्याने ते दार अर्धे लोटले गेले.

आपल्याकडेही पासपोर्ट हा हक्क नव्हता, सरकारची मेहेरबानी होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाणे हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला मन मानेल तसा पासपोर्ट नाकारता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्टचा कायदा आला. तरीही पुढची कितीतरी वर्षे रिझर्व्ह बँकेचा ‘पी’ फॉर्म आणि खिशात मोजके आठ डॉलर घेऊन माणसे विमानात बसत. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लोक पोट धरधरून हसत पाहायचे ते उगीच नव्हे. एवढ्या माणसांचे वऱ्हाड खरोखरच लंडनला निघेल, हीच तेव्हा सगळ्यात मोठी गंमत होती. आज आमच्या वऱ्हाडातली माणसे खरोखरच निघतात आणि निम्मे हसू कागदपत्रांतच आटते.

नावात काय नाही?

आमचे घोडे अडले ते वकिलातीत नव्हे, आमच्याच कपाटात.

सौ.च्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, माहेरचे आडनाव. आधार कार्डावर सासरचे नाव, पण पुढे ‘बाई’ जोडलेले. बँकेच्या पुस्तकात ‘बाई’च्या जागी ‘ताई’. मतदार यादीत आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग निराळे. जन्मतारीख दाखल्यावर १ जून, आधारवर नुसते साल. १ जूनचे रहस्य तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारावे, ‘‘पोरगी केव्हाची?’’ आईने सांगावे, ‘‘त्या साली पोळ्याला मोठा पाऊस झाला होता, तेव्हाची.’’ आणि मास्तरांनी १ जून लिहावे. आपल्या पिढीतली अर्धी माणसे एकाच दिवशी जन्मली आहेत. आपल्याला हे हसण्यासारखे वाटते. परदेशी अधिकाऱ्याला संशय घेण्यासारखे.

एका ओळखीच्या दलालाने सांगितले, ‘‘काही नाही होत, टाका तसाच अर्ज.’’ आम्ही टाकला. तो अर्थातच अडला. कागदात तफावत ठेवून गेलो, तर दुसऱ्या कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. चूक आमची होती. मग उलटे मागे जावे लागले. लग्नाची नोंदणी, त्या दाखल्यावरून आधारची दुरुस्ती, आधारवरून बँकेची, आणि शेवटी नव्याने पासपोर्टचा अर्ज. पोलीस ठाण्यातून चौकशीला आलेल्या शिपायाने चहा घेता घेता विचारले, ‘‘ताई, तुम्ही इथं किती वर्षांपासून राहता?’’ सौ. म्हणाली, ‘‘भाऊ, या घराची पहिली वीट लागली तेव्हापासून.’’ मार्च संपता संपता तिचा पासपोर्ट हातात आला. त्रेसष्टाव्या वर्षी तिचे एक नाव, एक आडनाव आणि एक जन्मतारीख झाली.

म्हणून कळकळीने सांगतो, प्रवास ठरण्याची वाट पाहू नका. एका रविवारी घरातल्या सगळ्यांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरा आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. विशेषतः घरातल्या बायकांचे. कारण आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते, पण कागद बदलायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी ठेवू नका. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जुन्या बायकांच्या पासपोर्टवर नुसते एकच नाव असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुबई-अबुधाबीच्या संयुक्त अरब अमिरातीने असे एकच नाव असलेल्या पाहुण्यांना घेणार नाही असे जाहीर केले, तेव्हा किती आयांची तिकिटे हातात राहिली असतील! लहान मुलांचेही पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. तो रुग्णालयातून निघतानाच नीट स्पेलिंगसह करून घ्यावा.

सातबारा आणि काचेची खिडकी

नागपूरच्या माणसाला अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबई गाठावी लागते. आदल्या संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी दादर, आणि मुक्काम डोंबिवलीच्या चुलतभावाकडे. एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत. ठसे देताना सौ.ची बोटे यंत्राला उमटेनात. चाळीस वर्षे भांडी घासून, पाट्यावर वाटून रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने बोटे पुसून चार-पाच वेळा दाबून घेतली, तेव्हा कुठे यंत्र समाधान पावले.

आमच्या पिशवीत काय नव्हते? निवृत्तिवेतनाचा कागद, मुदत ठेवींच्या पावत्या, घराचा कर भरल्याची पावती, काटोलजवळच्या चार एकर संत्र्याच्या बागेचा सातबारा, त्याचे इंग्रजी भाषांतर, जावयाच्या पगाराचे पत्रक. एवढे ओझे कशासाठी, तर अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातल्या एका कलमासाठी. क्रमांक २१४ ब. आपल्याकडे गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. हे कलम याच्या उलट चालते. पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघाला आहे असे ते धरून चालते. तसे नाही, हे आपण पटवून द्यायचे.

हे एकदा समजले की व्हिसाचे सारे कोडे सुटते. आपण श्रीमंत आहोत का, शिकलेले आहोत का, इंग्रजी फाडफाड बोलतो का, हा प्रश्नच नसतो. प्रश्न एकच असतो: परत येणार ना? घर, शेती, नोकरी, निवृत्तिवेतन, म्हातारी आई, शिकणारे मूल, हे सारे कागद या एका प्रश्नाचे उत्तर आहेत. म्हणून तिशीतल्या एकट्या, बेकार तरुणाला व्हिसा अवघड जातो आणि बागाईतदार आजीला सोपा. त्यात त्या तरुणाचा अपमान नसतो. पण त्याला तो होतो, हेही खरे.

आमची पाळी आली. काचेच्या पलीकडे पंचविशीतला गोरा मुलगा. मुंबईच्या त्या वकिलातीत मराठीतून मुलाखत देता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. सौ.ने मराठीच निवडली होती. कशासाठी जाता? दलालाने पढवले होते, ‘बाळंतपणाचं नाव काढू नका, फिरायला जातो म्हणा.’ सौ.ने ते मनावर घेतले नाही. ‘‘लेकीला बाळ झालं. बघायला जाते,’’ ती म्हणाली. किती दिवस? ‘‘साडेचार महिने.’’ त्यापेक्षा जास्त का नाही? ‘‘अहो, न येऊन कसं चालेल? ऑक्टोबरात आंबिया बहार तोडायला येतो.’’

आंबिया बहार म्हणजे काय हे त्या मुलाला कोणी समजावून सांगितले कोण जाणे. पण तो हसला आणि त्याने दोन्ही पासपोर्ट ठेवून घेतले. तिथली रीत अशी की पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, परत हाती दिला म्हणजे बहुधा नाकारला. सगळे मिळून दोन मिनिटे. सातबारा पिशवीतून निघालाच नाही.

दलालाचे ऐकले असते तर? तिथे खोटे बोलणे किंवा खोटा कागद देणे पकडले गेले, तर तो नकार एका वेळेपुरता राहत नाही. अमेरिकेचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणाचा डाग पुसता येत नाही. बँकेत आठवड्यापुरते उसने पैसे भरून शिल्लक फुगवणे, नसलेल्या नोकरीचे पत्र आणणे, हे धंदे आपल्याकडे राजरोस चालतात. दलाल आपले पैसे घेऊन मोकळा होतो. अर्जाखाली सही आपली असते.

आम्ही मात्र चुकलो होतो ते वेळेत. ‘‘लेकीला बाळ झालं,’’ असे सौ. म्हणाली ते खरेच होते. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात नातू जन्मला होता. व्हिसाला दोन मिनिटे लागली, नाव जुळवायला साडेचार महिने. जन्माला पोहोचायचे होते, ते आम्ही बारशाला पोहोचलो.

तरी आम्ही नशीबवान. करोनानंतर २०२२ च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुलाखतीची तारीखच हजार दिवसांच्या घरात मिळत होती. त्या काळातल्या आजी नातवाला पाहायला पोहोचल्या, तेव्हा तो शाळेच्या बसमध्ये चढत असेल. पूर्वी एकोणऐंशीच्या वरच्या वृद्धांना मुलाखतीतून सूट असे. २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांची तीही गेली. अर्जाचे शुल्क २०१९ मध्ये १६० डॉलर होते, जून २०२३ पासून १८५ झाले, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका. गेल्या वर्षी शेजारी गेले तेव्हाचा नियम यंदा असेलच असे नाही. त्या त्या देशाच्या वकिलातीची ताजी माहिती मुलांकडून वाचून घ्या.

युरोपचे गणित आणि लाडवांची खसखस

ज्यांची मुले अमेरिकेत नाहीत, तेही आता सहलीला युरोपात जातात. तिथली रीत निराळी. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावाजवळ पाच देशांनी आपसातले पहारे उठवायचा करार केला. १९९५ पासून तो अमलात आला आणि २०२५ पासून त्यात एकोणतीस देश आहेत. एका व्हिसावर सगळीकडे फिरता येते. अर्ज मात्र जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे करायचा. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने जिवंत असला पाहिजे. इंग्लंड या टोळीत नाही. पॅरिसहून लंडनला जायचे तर वेगळा व्हिसा हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जाऊ लागला. आता दिवस मोजण्याचे काम संगणक करतो आणि त्याला कोणाची दया येत नाही.

पहिल्यांदाच निघणाऱ्यांनी नेपाळपासून सुरुवात करावी. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. पशुपतिनाथाचे दर्शन होते आणि परदेशाची भीतीही मोडते.

आणि सामानाचे सांगायलाच हवे. बाळंतिणीसाठी सौ.ने डिंकाचे लाडू करायला घेतले. खारीक, खोबरे, डिंक, आणि हो, खसखस. आमचे विमान आखातातून जाणार होते. शेजारच्या काकूंनी वेळेवर टोकले, ‘‘खसखस नका घालू बाई!’’ संयुक्त अरब अमिरातीत खसखस अफूच्या झाडाची म्हणून अमली पदार्थांत मोजतात. आपल्याकडे दिवाळीच्या अनारशावर हीच खसखस असते, सावजी मसाल्यातही असते. तिथे ती पिशवीत सापडली तर तुरुंगाची पाळी येऊ शकते. अमेरिकेत ताजी फळे, मांस आणि बी-बियाणे नेण्यावर बंधने आहेत. नागपूरची संत्री कितीही प्रेमाने बांधली तरी तिथल्या विमानतळावर ती कचऱ्याच्या पेटीत जातात, आणि लपवून नेली तर वर दंड. जे नेले आहे ते फॉर्मवर आणि तोंडाने सांगून टाकावे. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. लाडू शेवटी बिनखसखशीचे झाले, आणि लेकीने पहिला घास घेताच विचारले, ‘‘आई, काहीतरी राहिलं का गं?’’

आपल्याही दारावर

हे सारे सांगताना परक्यांच्या दारांनाच बोल लावला असे वाटेल. पण दार आपलेही आहे.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्यासाठी घर सोडून गेले. अमेरिकेत गदर चळवळीत काम केले, महायुद्धात इराणच्या बाजूला लढले आणि अखेर मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर त्यांनी मोठे संशोधन केले. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. ज्या स्वातंत्र्यासाठी ते हद्दपार झाले, ते मिळाल्यावर त्यांनी मायदेशी यायला व्हिसा मागितला, आणि तो आधी नाकारला गेला. कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि इंग्रज गेले तरी यादी राहिली होती. पुढे तो निर्णय फिरवला गेला. ते नागपूरला येऊन राहिले आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. विदर्भाच्या या सुपुत्राला आपल्याच उंबरठ्यावर परदेशी पाहुणा म्हणून उभे राहावे लागले होते.

भदंत सुरेई ससाईंची कथा उलट्या दिशेची. ते जपानमधून १९६६ साली भारतात आले आणि पुढे नागपूरचेच झाले. दीक्षाभूमीच्या या शहरात ते ‘जय भीम’ म्हणत वस्त्यावस्त्यांतून हिंडले, विहारे उभी केली. व्हिसाची मुदत उलटून गेली म्हणून १९८७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढण्यासाठी खटला उभा राहिला. तो फेटाळला गेला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. व्हिसाच्या साऱ्या प्रश्नांचा प्रश्न असतो, ‘परत जाणार ना?’ या माणसाने त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले, आणि नागपूरकरांनी ते मान्य केले.

खरे तर दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त असते. घरमालकाला विचारण्याचा हक्क आहे. फक्त विचारताना समोर कागद नाही, माणूस उभा आहे, एवढे त्याने विसरू नये. आणि पाहुण्यानेही खोटे बोलून आत शिरू नये. कारण त्याच्या मागे रांगेत खरे बोलणारे कितीतरी आईबाप उभे असतात, आणि एकाच्या खोट्याचा संशय त्या सगळ्यांना भोगावा लागतो.

आमचा नातू २०२२ च्या दिवाळीला पहिल्यांदा नागपूरला आला. अमेरिकेत जन्मला म्हणून तो तिथला नागरिक. सोनेगावच्या विमानतळाच्या या गावात, आजीच्या घरी यायला त्यालाही परवानगी लागतेच. लेकीने त्याचे ओसीआय कार्ड काढले होते, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचे. २००५ च्या कायद्याने ही सोय झाली. त्यावर जन्मभर येता-जाता येते, मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. काटोलच्या बागेत तो संत्र्याच्या झाडाखाली मनसोक्त खेळला. झाडांना आंबिया बहार लागलेला होता.

निघायच्या दिवशी सौ.ने माझ्याकडून त्याच्या कार्डाची झेरॉक्स काढून घेतली आणि कपाटातल्या फाईलमध्ये ठेवली. त्या फाईलमध्ये आमचा लग्नाचा दाखला आहे, तिचा पासपोर्ट आहे आणि तो कधीच बाहेर न निघालेला सातबारा आहे. मग ती दारापर्यंत गेली आणि गाडीत बसलेल्या नातवाच्या हातावर दही ठेवून म्हणाली, ‘‘परत येशील नं, बापा?’’

त्याने मराठीतच सांगितले, ‘‘येतो.’’ जाताना ‘जातो’ म्हणायचे नसते, एवढे त्याच्या आईने त्याला शिकवले होते.